झिजलेल्या तबकडीची किंमत

दलित समाजाच्या सांस्कृतिक इतिहासाची साधने कोणती, हा प्रश्न आपल्याकडे अजून नीट मांडला गेलेला नाही. प्रस्थापित इतिहासकाराला त्याची चिंता नाही. त्याच्यापाशी बखरी आहेत, दप्तरे आहेत, ताम्रपट आहेत आणि ते जपण्यासाठी मंडळे आहेत, संस्था आहेत, अनुदाने आहेत. ज्यांच्या हाती शतकानुशतके लेखणीच येऊ दिली नाही, त्यांच्यापाशी काय आहे? लोखंडी ट्रंकेतली चोपडी, जयंतीच्या वर्गणीच्या पावत्या, सभेची हस्तपत्रके, ग्रामोफोनच्या तबकड्या आणि मुलांनी वाचून वाचून फाडलेली चित्रकथांची पुस्तके. ही साधने आज घराघरांतून बाहेर पडत आहेत. ज्या पिढीने ती पोटाला चिमटा घेऊन विकत घेतली, ती पिढी संपत आली आहे. जुने कवेलूचे घर पाडून स्लॅबचे घर बांधायला निघालेल्या मुलांना त्या ट्रंकेचे काय करावे हे कळत नाही. बहुतेक वेळा उत्तर कबाड्याच्या काट्यावर मिळते.

भंडाऱ्याहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील आमच्या शहापुरातही हेच चालले आहे. महाविद्यालयात शिकवतो म्हणून लोक मला बोलावतात आणि विचारतात, "सर जी, याचे कितीक पैसे येतीन?" हा प्रश्न ऐकून नाक मुरडणारे विद्वान आपल्यातही आहेत. बाबासाहेबांच्या गाण्याची तबकडी विकायची? हा चळवळीचा विकाच नव्हे काय? मला हा राग मान्य नाही. ज्याच्या घरी मुलीच्या शिक्षणाचे पैसे भरायचे आहेत, त्याला किंमत विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. विचारण्यासारखा प्रश्न दुसराच आहे. ही किंमत कोण ठरवतो, कोणत्या मापाने ठरवतो, आणि ते माप आपल्या इतिहासाला लागू पडते काय?

१

आधी तबकडी म्हणजे काय ते पाहू. ग्रामोफोन कंपनीने भारतातले पहिले ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात केले. १९०८ साली कलकत्त्यातच सियालदह येथे तबकड्या ठोकण्याचा कारखाना उभा राहिला. ती तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेणारी, जड आणि ठिसूळ होती. हातातून पडली की तिचे कवेलूसारखे तुकडे होत. दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू लाखेने बांधून ती बनवीत. लाख हा एका किड्याचा स्राव. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर तो थर धरतो. तो खरवडायचा, धुवायचा, वितळवायचा. जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारत होता, आणि १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच असलेले गोंदिया हे लाखेच्या व्यापाराचे जुने ठिकाण. लाख गोळा करणारे हात रानातल्या आदिवासींचे आणि भूमिहीनांचे होते. ज्या वस्तूवर नंतर राजदरबारी गवयांचे आलाप उमटले, तिच्या द्रव्यात अशा माणसांचे श्रम आधीच गोठलेले होते. पण तबकडीच्या कागदी वर्तुळावर त्यांचे नाव येण्याची सोय नव्हती.

१९४२ साली महायुद्धामुळे लाखेचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकेच्या सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक बंधन घातले. जुन्या तबकड्या गोळा करून त्या वितळवण्यात आल्या. त्यात कोणाचा आवाज गेला याची मोजदाद झाली नाही. आवाजाला वजनाच्या भावाने मोजण्याची ही रीत कबाड्याने काढलेली नाही. मोठमोठ्या कंपन्यांनीही ती पाळली आहे.

२

तबकडीने आपल्या चळवळीचे काय टिपले आणि काय सोडले? १९३० च्या दशकापासून आंबेडकरी जलसे गावोगाव फिरू लागले. सत्यशोधक जलशाची परंपरा त्यांच्या पाठीशी होती. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. गणपतीच्या नमनाच्या जागी नव्या युगाच्या नेत्याला वंदन आले, गौळण गळाली, आणि वगातून सावकार, पाटील, भटजी, अंधश्रद्धा आणि मेलेले ढोर ओढण्याची सक्ती यांवर सवाल-जवाब होऊ लागले. जलसा रात्रभर चाले. त्याचे सामर्थ्य संवादात होते, प्रेक्षकांतून येणाऱ्या प्रतिसादात होते.

७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावतात. या तीन मिनिटांत रात्रभराचा जलसा कसा मावणार? तबकडीत मावले ते सुटे गीत. वग, संवाद, उत्स्फूर्त विनोद, मध्येच उठून प्रश्न विचारणारा गावकरी, हे सगळे बाहेर राहिले. तंत्राच्या या अडचणीला बाजाराच्या हिशेबाची जोड होती. फोनो विकत घेण्याची ऐपत ज्या वर्गाकडे होती, त्याच्या आवडीचे संगीत कंपनी प्रथम मुद्रित करणार, हे उघड आहे. म्हणून नाट्यगीत, भावगीत, भक्तिगीत यांच्या तबकड्यांचे ढीग आढळतात आणि भीमगीतांच्या तबकड्या मोजक्या सापडतात.

पुढे चित्र थोडे पालटले. १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइलची दीर्घ वाजणारी तबकडी आली, त्यानंतरच्या वर्षी ४५ फेऱ्यांची लहान तबकडी. आपल्याकडे लाखेची तबकडी साठच्या दशकातही चालूच होती आणि हळूहळू व्हिनाइलने तिची जागा घेतली. १९५६ च्या धर्मांतरानंतर वस्त्यावस्त्यांतून जयंतीचा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा उत्सव मोठ्या प्रमाणावर होऊ लागला, गाण्यांना मागणी आली, आणि कंपन्यांना हा बाजार दिसू लागला. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारखे गायक वस्तीतून स्टुडिओत पोहोचले. याच प्रल्हाद शिंदेंचा आवाज विठ्ठलाच्या गाण्यांनी सवर्णांच्या घरांतही गेला. एकाच गळ्यातली दोन प्रकारची गाणी दोन वेगळ्या बाजारांत फिरली. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) तर हजारो गीते रचली. त्यांच्या रचनेच्या विस्तारापुढे तबकडीवर आलेला भाग फारच लहान आहे. तबकडीवर गायकाचे आणि कवीचे नाव असे. ढोलकीवाल्याचे आणि कोरस धरणाऱ्यांचे नाव बहुधा नसे.

१९८० च्या दशकात ध्वनिफीत स्वस्त झाली आणि कंपनीची मक्तेदारी मोडली. तालुक्याच्या गावचा गायकही आपली फीत काढू लागला आणि दीक्षाभूमीच्या रस्त्यावर ती विकू लागला. ही मोठी लोकशाही होती. पण चुंबकीय फीत लवकर बुरसते, चिकटते, तिच्यावरचा थर सुटतो. ज्या काळात आपला आवाज सर्वांत अधिक मुद्रित झाला, तो काळच सर्वांत कच्च्या वस्तूवर मुद्रित झाला आहे.

३

आता किमतीकडे येऊ. जुन्या तबकड्यांचा जागतिक बाजार चार गोष्टी पाहतो: वस्तू किती दुर्मीळ आहे, तिला मागणी किती आहे, ती मूळ छपाईची आहे की नंतरची, आणि तिची अवस्था कशी आहे. अवस्थेची एक ठरलेली उतरंड आहे. सर्वांत वर न वाजवलेली, कोरी तबकडी. तिला 'मिंट' म्हणतात, म्हणजे टांकसाळीतून नुकत्याच निघालेल्या नाण्यासारखी. तिथून पायरीपायरीने उतरत सर्वांत खाली खरखरणारी, ओरखडे पडलेली, पाकीट हरवलेली तबकडी. वरची आणि खालची यांच्या भावात दहापट, वीसपटही फरक पडू शकतो.

या उतरंडीवर आपली तबकडी ठेवून पाहा. तिचा मालक बहुधा कोणी रसिक श्रीमंत नव्हता. जयंतीला मंडप आणि भोंगा भाड्याने देणारा लाऊडस्पीकरवाला, नाहीतर वर्गणी काढून तबकडी घेणारे पंचशील मंडळ किंवा युवक मंडळ. ती वर्षातून कितीदा वाजली असेल? जयंतीला पहाटेपासून, लग्नात, नामकरणात, बुद्ध पौर्णिमेला, परिनिर्वाण दिनी. सुई बोथट झाली तरी बदलायला पैसे नसत. पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलायची असते हे कित्येकांना ठाऊकही नव्हते. तबकडी धुळीत वाजली, उन्हात वाकली, बैलगाडीतून या गावाहून त्या गावी गेली. ती आज सर्वांत खालच्या पायरीवर पडते. आणि ज्या तबकडीला कोणी हात लावला नाही, ती सर्वांत वर बसते.

हा बाजाराचा न्याय त्याच्या जागी तर्कशुद्ध असेल. ज्याला ऐकायचे आहे त्याला स्वच्छ आवाज हवा, हे खरे. पण इतिहासाच्या अभ्यासकाने हे माप जसेच्या तसे उचलले तर तो फसेल. झिजलेली खाच हा पुरावा आहे. हे गाणे किती कानांपर्यंत गेले, कोणत्या बाजूचे गाणे अधिक वाजले, कुठे सुई अडकून पुन्हा मागे नेली, हे ती सांगते. तबकडीवर खडूने किंवा रंगाने लिहिलेले मंडळाचे नाव बाजाराला डाग वाटते. आपल्याला ते एका गावच्या संघटनेचे कदाचित एकमेव लिखित चिन्ह असू शकते. गुळगुळीतपणा म्हणजे मूल्य, हे सूत्र आपण साहित्यात केव्हाच नाकारले आहे. वस्तूंच्या बाबतीत ते निमूटपणे का स्वीकारावे?

४

चित्रकथांची गोष्ट याहून वेगळी नाही. टाइम्स ऑफ इंडियाच्या गटाने १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि ते १९९० पर्यंत चालले. मराठी आवृत्तीतून वेताळ आणि मँड्रेक आपल्या मुलांपर्यंत आले. दूरच्या जंगलातल्या काळ्या माणसांवर पिढ्यान्‌पिढ्या एका गोऱ्या माणसाचे छत्र, ही वेताळाची कल्पना. ती वाचताना आपण त्या चित्रात कोणाच्या जागी उभे आहोत, हे आपल्या मुलांना कोणी सांगितले नाही. तरीही त्या पुस्तकांनी अनेक पहिल्या पिढीच्या वाचकांना वाचनाची गोडी लावली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मी त्यांपैकीच एक आहे. भाड्याने पुस्तके देणाऱ्या टपरीवर पाठ्यपुस्तकाबाहेरचे पहिले अक्षर वाचणारी मुले आमच्याकडे थोडी नव्हती.

अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या अमर चित्र कथेने पुराणे, राजे आणि संत यांची मोठी मालिका उभी केली. त्या मालिकेत बाबासाहेबांवरचा अंक यायला १९७९ साल उजाडावे लागले. चित्रे दिलीप कदमांची होती. पुढे चोखामेळ्यावरही अंक निघाला. या अंकांवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. जातीचा प्रश्न त्यात एका थोर पुरुषाच्या कष्टाची कथा होऊन बसतो आणि समूहाचा लढा मागे पडतो. पण ज्या घरात लहान मुलांसाठी बाबासाहेबांचे दुसरे सचित्र पुस्तक नव्हते, त्या घरात तो अंक कसा वाचला गेला असेल याची कल्पना करा. २०११ साली 'भीमायन' आले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी चौकटींची उतरंड मोडून बाबासाहेबांची कथा चितारली. त्याच वर्षी फुल्यांच्या 'गुलामगिरी'वर आधारलेली इंग्रजी चित्रकथाही निघाली. म्हणजे आपल्या चित्रकथेचा इतिहास आता लिहिण्याइतका झाला आहे. त्याची साधने मात्र रद्दीत जात आहेत.

चित्रकथेच्या बाजारातही कोऱ्या प्रतीला मान आहे. पहिली छपाई, अखंड मुखपृष्ठ, न गंजलेल्या पिना. टपरीचा शिक्का आणि मुलाने पेन्सिलीने लिहिलेले नाव भाव उतरवतात. अमर चित्र कथेचे अंक पुन्हापुन्हा छापले गेले, त्यामुळे 'जुना अंक' म्हणून दाखवला जाणारा अंक नंतरच्या छपाईचा असण्याचा संभव असतो. वर्ष, छापील किंमत आणि क्रमांक पाहिल्यावाचून भाव बोलू नये.

५

या बाबतीत अमेरिकेतील काळ्या समाजाचा अनुभव आपल्याला उपयोगी आहे. १९२० आणि १९३० च्या दशकांत तिथल्या कंपन्यांनी काळ्या गायकांच्या तबकड्या वेगळ्या मालिकेत, काळ्या गिऱ्हाइकांसाठी काढल्या. त्या दक्षिणेतल्या मजुरांच्या घरांत वाजून वाजून झिजल्या. पुढे शहरी संग्राहक दारोदार हिंडून त्या किरकोळ पैशांत विकत घेऊ लागले. २०१३ साली टॉमी जॉन्सन या मिसिसिपीच्या गायकाची एक तबकडी लिलावात ३७,१०० डॉलरना गेली. जॉन्सन १९५६ सालीच वारला होता. किंमत वाढली, पण ज्यांनी ते संगीत निर्माण केले आणि ज्यांनी ते पहिल्यांदा विकत घेऊन जगवले, त्या दोघांच्याही हाती त्या वाढीतले काही आले नाही.

याच्या उलट उदाहरण आर्थर शोमबर्ग यांचे. पोर्तो रिकोत जन्मलेला हा काळा गृहस्थ न्यूयॉर्कच्या एका बँकेत टपाल विभागात नोकरी करीत होता. काळ्यांना इतिहासच नाही, हे त्याला कोणी ऐकवले म्हणतात. त्याने आयुष्यभर पुस्तके, हस्तलिखिते, चित्रे जमवली. १९२६ साली कार्नेगी कॉर्पोरेशनने दिलेल्या १०,००० डॉलरमधून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने तो संग्रह विकत घेतला आणि हार्लेममधल्या शाखेत, म्हणजे काळ्यांच्याच वस्तीत, ठेवला. पुढे १९३२ पासून १९३८ साली मरेपर्यंत शोमबर्गच त्याचे अभिरक्षक होते. शोमबर्गांनी संग्रह विकला. त्यांना कोणी द्रोही म्हटले नाही. योग्य किंमत मिळाली, संग्रह फुटला नाही आणि तो आपल्या माणसांच्या हाताशी राहिला. विक्री आणि जतन यांच्यात वैर असलेच पाहिजे असे नाही, हे यातून दिसते.

आपल्याकडेही दाखले आहेत. १९५६ नंतर बाबासाहेबांची हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांत बंद होती. १९७६ साली महाराष्ट्र शासनाने समिती नेमली आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड बाहेर पडला. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात वामनराव गोडबोल्यांच्या प्रयत्नाने बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू राहिल्या. २०१५ साली शासनाने कोट्यवधी रुपये मोजून लंडनमधले ते घर घेतले, जिथे विद्यार्थीदशेत बाबासाहेब राहत होते. नेत्याच्या वस्तूंना आता मूल्य आले आहे, आणि ते यायलाच हवे होते. पण ज्यांच्या वर्गणीवर आणि गळ्यावर चळवळ उभी राहिली, त्या अनामिकांच्या वस्तूंचे काय? याच भंडारा मतदारसंघातून बाबासाहेब १९५४ साली पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले. त्या निवडणुकीचे एखादे हस्तपत्रक आज कोणाच्या ट्रंकेत असेल, तर त्याला कोण काय किंमत देणार आहे?

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे साधारणपणे शंभर वर्षे पुरी झालेली वस्तूच पुरावस्तू ठरते, हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षे. आपली बहुतेक साधने त्या वयाची नाहीत. त्या वयाची होईपर्यंत ती उरतील काय, हाच प्रश्न आहे.

६

तेव्हा कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, भाव विचारण्याआधी यादी करावी. तबकडीवरचा क्रमांक, कंपनी, गायक, कवी, भाषा, आणि मधल्या गुळगुळीत भागात कोरलेले आकडे उतरवून घ्यावेत. छपाई कोणती हे त्यावरून ठरते. चित्रकथेचे नाव, क्रमांक, वर्ष, छापील किंमत लिहावी. सोबत आणखी एक रकाना ठेवावा, जो कोणताही व्यापारी ठेवत नाही: ही वस्तू कोणी घेतली, केव्हा, कुठे वाजली, कोणी ऐकली. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवरच हा रकाना भरता येतो.

दुसरी गोष्ट, वस्तू बिघडवू नये. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. तबकड्या एकावर एक आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. ७८ च्या तबकडीला रुंद टोकाची सुई लागते. व्हिनाइलची बारीक सुई तिच्या खाचेत नीट बसत नाही. चित्रकथा चिकटपट्टीने जोडू नये आणि कडा कापून सरळ करू नये.

तिसरी गोष्ट, भाव एका माणसाच्या तोंडून घेऊ नये. विक्रेता जो भाव मागतो आणि वस्तू खरोखर ज्या भावाला जाते, यांत अंतर असते. व्यवहार पुरा झालेला भाव पाहावा. व्यापारी आपल्याला त्याच्या विक्रीच्या भावापेक्षा बराच कमी देणार. त्याला माल सांभाळायचा आहे, जोखीम घ्यायची आहे. त्यात फसवणूक असतेच असे नाही. फसवणूक असते ती वजनावर घेण्यात, आणि "बाकीचे ठेवा, एवढ्या चार देऊन टाका" म्हणत वेचून नेण्यात. त्या चार गेल्या की उरलेल्या चाळीसांना कोणी विचारत नाही. मुंबईत १९९० पासून भारतीय तबकडी-संग्राहकांची एक संस्था काम करीत आली आहे. अशा जाणकारांना विचारावे.

चौथी गोष्ट, विकण्याआधी आवाज उतरवून घ्यावा. तबकडी विकली म्हणून गाण्याचा हक्क विकला जात नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो आणि कवीच्या शब्दांवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. वामनदादांच्या शब्दांवर २०६४ अखेरपर्यंत हक्क आहे. तेव्हा उतरवलेला आवाज अभ्यासासाठी जपावा. त्याचा धंदा करू नये आणि दुसऱ्याला करू देऊ नये.

पाचवी आणि महत्त्वाची गोष्ट संस्थांसाठी आहे. दलित घरातून काही मिळवायचे असले की 'समाजासाठी दान द्या' अशी भाषा होते, आणि दरबारी घराण्याचा संग्रह घ्यायचा असला की मूल्यमापन समिती बसते, धनादेश निघतो. हा भेद जातीचाच आहे. गरिबाच्या त्यागावर संग्रहालय उभारणे हे वेठबिगारीचे सभ्य रूप होय. विद्यापीठांनी, ग्रंथालयांनी आणि आपल्या नावाने चालणाऱ्या प्रतिष्ठानांनी अशा खरेदीसाठी अंदाजपत्रकात रक्कम ठेवावी, झिजलेल्या वस्तूचे मूल्य बाजाराच्या उतरंडीवर न ठरवता तिच्या वापराच्या इतिहासावर ठरवावे, आणि संग्रह देणाऱ्या घराचे नाव त्यावर लिहावे. ज्याला दान द्यायचे आहे तो देईलच. त्याला आधी नाही म्हणण्याची मोकळीक हवी.

शहापूरसारख्या गावात हे काम फार मोठ्या खर्चाचे नाही. एक वही, एक टेपरेकॉर्डर किंवा आजचा साधा मोबाइल, रविवारचे दोन तास आणि विश्वासाने उघडलेल्या दहा ट्रंका इतके पुरते. एका गावाची यादी झाली की शेजारच्या गावची करता येते. दहा गावांच्या याद्या शेजारी ठेवल्या की कोणते गाणे कोणत्या वाटेने फिरले याचा नकाशा दिसू लागतो, आणि तो नकाशा कोणत्याही दप्तरखान्यात तयार मिळणार नाही. येत्या जयंतीच्या वर्गणीतली थोडी रक्कम मंडळांनी या कामासाठी बाजूला काढावी आणि कबाड्याच्या गाडीआधी त्या घरांपर्यंत पोहोचावे.